चिनी बोलपटांतील सत्य आणि कल्पित



गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी शाळेच्या सभागृहात आम्ही मुलांस एक चिनी चित्रपट दाखविला. एक माकड स्वर्गात शिरते, देवांच्या बागेतील अमरत्व देणारी फळे खाऊन टाकते आणि देवांच्या सैन्याची दाणादाण उडविते, अशी त्याची कथा. खेळ संपला, दिवे लागले आणि सातवीतील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, हे खरेच घडले का?" सारे सभागृह हसले. आम्हीही हसलो आणि उत्तर न देताच मुलांस घरी पाठविले. वाटेत मात्र आमच्या मनाला टोचणी लागली. चित्रपट पाहणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न तोच होता आणि तो आमच्यापैकी एकट्याच मुलाला सुचला होता. त्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख होय.

आरंभ

चीनमध्ये चित्रपटाचा जन्म १९०५ साली पेकिंग येथे, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, झाला असे मानतात. तेथील एका छायाचित्रकाराने 'दिंगजुनशान' या संगीत नाटकातील काही प्रवेश चित्रित केले व तान शिनपेई या वृद्ध नटश्रेष्ठाने त्यांत भूमिका केली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये जी तीन राज्यांची झुंज चालली होती, तिच्यातील एका वृद्ध सेनापतीच्या विजयाचा हा प्रसंग. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला, तोही पुराणातील कथेवर. दोन्ही देशांनी या नव्या कलेत पहिले पाऊल टाकले ते जुन्या कथेचे बोट धरूनच.

पुढे १९२८ ते १९३१ या काळात शांघाय येथे 'रक्तकमल मंदिराचे दहन' ही चित्रमालिका निघाली. तिचे १८ भाग झाले. हवेतून उडणारे तलवारबहाद्दर आणि मंत्रसिद्ध वीर यांनी प्रेक्षकांस वेड लाविले. अखेर अंधश्रद्धा पसरते या कारणास्तव १९३१ साली सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घातली. पडद्यावरचे कल्पित हे सत्य म्हणून स्वीकारले जाईल, ही भीती राज्यकर्त्यांस तेव्हाच वाटू लागली होती. आमच्या मते बंदी हा त्या भीतीवरचा उपाय नव्हे. प्रेक्षक शहाणा करणे, हाच उपाय होय.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच सांगून ठेवतो. चीनमध्ये बोली अनेक आहेत, लिपी मात्र एक. हाँगकाँगकडील बोली उत्तरेच्या माणसास कळत नाही. म्हणून कित्येक चिनी चित्रपटांत चिनी संवादांखालीच चिनी अक्षरे उमटत असतात. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात मिळेल ती भाषा बोलणाऱ्या आमच्या मुलांस याचे नवल वाटावयास नको. एकाच माणसाच्या ओठांवर एक भाषा आणि पाटीवर दुसरी असू शकते, हे आपण रोज अनुभवतोच.

दंतकथा

आम्ही दाखविलेला तो चित्रपट म्हणजे 'स्वर्गातील धुमाकूळ' हा शांघायच्या चित्रशाळेत तयार झालेला चलच्चित्रपट. त्याचा पूर्वार्ध १९६१ साली व उत्तरार्ध १९६४ साली पुरा झाला. त्याचे दिग्दर्शक वान लायमिंग. याच वान बंधूंनी १९४१ साली, शहराभोवती जपानी सैन्य असताना, 'लोहपंख्याची राजकन्या' हा आशियातील पहिला पूर्ण लांबीचा चलच्चित्रपट निर्माण केला होता. तो पाहून जपानमधील ओसामु तेझुका नावाचा एक मुलगा भारावून गेला. हाच मुलगा पुढे जपानी चित्रकथांचा थोर प्रवर्तक ठरला. शत्रुदेशाच्या चित्रपटाने एका मुलाच्या मनात कलेचे बी पेरावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या दोन्ही चित्रपटांची कथा सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीतून घेतली आहे. तिचा नायक सुन वूखोंग हा वानर. परंतु ज्या यात्रेकरूबरोबर तो पश्चिमेस निघतो, तो यात्रेकरू कल्पित नाही. तो म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेला ह्युएनत्संग. तो ६२९ च्या सुमारास निघाला आणि बौद्ध ग्रंथांचे भारे घेऊन ६४५ साली स्वदेशी परतला. आपल्या प्रवासात तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातही आला होता. उपकार न विसरणारे, अपमान सहन न करणारे, मानी आणि शूर, असे महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन त्याने करून ठेविले आहे. आपल्या पूर्वजांविषयीचे हे एक जुने साक्षीपत्र आपणांस एका चिनी भिक्षूकडून मिळाले आहे.

हा वानर हनुमंताचाच अवतार आहे काय, असा प्रश्न मुले हटकून विचारतात. चिनी पंडितांतही यावर वाद झाला. हू श याने त्याचे मूळ भारतीय हनुमंतात शोधले, तर लू शुन याने ते चीनमधील एका जुन्या जलदैत्याच्या कथेत पाहिले. तेव्हा दंतकथेपुढे उभे राहून "हे घडले का?" असे विचारण्यापेक्षा "ही कथा कोठून निघाली आणि कोणत्या माणसांच्या मनांतून वाहत आली?" असे विचारणे अधिक फलदायी होय. दंतकथेतील सत्य घटनेत नसते. ते ती सांगणाऱ्यांच्या मनांत असते.

१९५४ साली प्रदर्शित झालेला 'लियांग शानबो आणि जू यिंगताई' हा नव्या चीनचा पहिला रंगीत चित्रपट होय. मुलाचा वेष घेऊन पाठशाळेत शिकणारी एक कन्या आणि तिचा सहाध्यायी यांची ती करुण प्रेमकथा. मृत्यूनंतर ती दोघे फुलपाखरे होतात. त्याच वर्षी जिनिव्हा येथील परिषदेत चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय यांनी हा चित्रपट परदेशी पाहुण्यांस दाखविला. यात नायक आणि नायिका या दोन्ही भूमिका स्त्रियांनीच केल्या आहेत. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका ज्या घरांतून आजही कौतुकाने आठवल्या जातात, तेथील वाचकांस या उलट्या चालीची मौज वाटेल.

इतिहास

आता ऐतिहासिक चित्रपटांकडे वळू. येथे प्रथम आमची एक चूक कबूल करतो. १८३९ साली लिन त्सेश्यू या चिनी अधिकाऱ्याने हुमेन येथे इंग्रज व्यापाऱ्यांची अफू जाळली, असे आम्ही कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. 'लिन त्सेश्यू' (१९५९) आणि श्ये जिन यांचा 'अफूचे युद्ध' (१९९७) हे दोन चित्रपट पाहिल्यावर आम्हांस शंका आली आणि आम्ही पुस्तके उघडली. अफू जाळली नव्हती. २०,००० हून अधिक पेट्या, म्हणजे वजनाने १,००० टनांवर अफू, समुद्रकाठी खणलेल्या हौदांत खाऱ्या पाण्यात भिजविली, तीवर चुना टाकला आणि ओहोटीबरोबर ते सारे समुद्रात सोडून दिले. जाळली असती तर अर्क जमिनीत मुरून पुन्हा हाती लागला असता. हे काम आरंभण्यापूर्वी लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना करून, तुझे पाणी मलिन करीत आहे, याबद्दल क्षमा मागितली होती.

एकाच घटनेवरील हे दोन चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. १९५९ च्या चित्रपटात जाओ दान या थोर नटाने लिनची भूमिका केली आहे. परकीयांविरुद्ध उठणारी सामान्य जनता हा त्याचा मुख्य विषय. १९९७ चा चित्रपट हाँगकाँग चीनच्या ताब्यात परत येण्याच्या सुमारास प्रदर्शित झाला. बाहेरच्या जगाविषयी चिनी दरबार किती अज्ञानात होता, हे तो मुख्यतः दाखवितो आणि लंडनमधील वादविवादही पडद्यावर आणतो. तेथील लोकसभेत एप्रिल १८४० मध्ये युद्धाविरुद्धचा ठराव अवघ्या ९ मतांनी फेटाळला गेला होता. घटना तीच आणि माणसेही तीच, परंतु सांगणाऱ्याचा काळ बदलला आणि भर दुसऱ्या गोष्टीवर पडला. म्हणून ऐतिहासिक चित्रपट पाहताना दोन सने ध्यानात ठेवावीत : घटनेचे सन आणि चित्रपटाचे सन.

या दोन्ही चित्रपटांच्या कक्षेबाहेरची, परंतु आमच्या वाचकांच्या फार जवळची अशी एक गोष्ट येथे सांगणे प्राप्त आहे. त्या हौदांत विरघळलेली अफू आली कोठून? काही बंगाल-बिहारकडची आणि काही माळव्याची. माळव्याची अफू म्हणजे होळकर आणि शिंदे यांच्या मुलखांतील व आसपासच्या संस्थानांतील शेतांत पिकलेली. ती मुंबईहून, तसेच पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जाई. या व्यापारात जमशेटजी जीजीभाई होते, तसेच रोजेरिओ द फारिया हे गोमंतकीय व्यापारीही होते. इंदूर, ग्वाल्हेर, मुंबई, गोवा : ही नावे आम्हांस घरची वाटतात. चिनी चित्रपटातील खलनायक इंग्रज आहे, हे पाहून आपण निश्चिंतपणे टाळ्या वाजवितो. परंतु त्या पेट्यांवरची धूळ आपल्याही मातीची होती, हे कोणी सांगावयाचे? शेतकऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र इतिहासाच्या चित्रात आपण नेहमी प्रेक्षकांतच बसलेलो नसतो, कधी कधी पडद्यामागेही उभे असतो, एवढे ध्यानात यावे.

या देवघेवीची दुसरी, उजळ बाजूही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच सेवा करता करता निवर्तले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली, तर चिनी निर्मात्यांनी १९८२ साली चित्रपट काढला. येथेही दोन सने, दोन देश आणि एकच माणूस आहे.

हेरकथा

नव्या चीनमध्ये १९५० नंतर हेरकथांचे चित्रपट फार लोकप्रिय झाले. त्यांपैकी 'कधीही न विरणाऱ्या ध्वनिलहरी' (१९५८) हा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे दिग्दर्शन वांग पिंग या स्त्रीने केले असून नायकाची भूमिका सुन दाओलिन यांची आहे. शांघायमध्ये गुप्तपणे बिनतारी संदेश पाठविणाऱ्या एका कम्युनिस्ट कार्यकर्त्याची ती कथा. ती ली बाय या खऱ्या माणसाच्या चरित्रावर आधारलेली आहे. यंत्राची शक्ती मुद्दाम कमी ठेवून तो मध्यरात्रीनंतर संदेश पाठवी. संशय येऊ नये म्हणून पक्षाने त्याच्याकडे एका स्त्री कार्यकर्तीस पत्नीच्या सोंगाने पाठविले आणि पुढे त्या दोघांनी खरोखरीच विवाह केला. डिसेंबर १९४८ मध्ये तो पकडला गेला. ७ मे १९४९ रोजी त्यास ठार मारण्यात आले. त्यानंतर अवघ्या २० दिवसांनी, २७ मे रोजी, शांघाय कम्युनिस्टांच्या ताब्यात आले.

या चित्रपटात बंदुकीचे बार थोडे आणि शांतता फार. एक माणूस, एक दिवा, कानाला लावलेले यंत्र आणि जिन्यावर वाजणारी पावले, एवढ्यावरच सारा ताण तोललेला आहे. झांग यीमोऊ यांचा 'कडा' (२०२१) हा याच परंपरेतील अलीकडचा चित्रपट. १९३० नंतरच्या दशकात जपानी अमलाखालील मांचुरियात, अखंड बर्फवृष्टीत, कोण आपला आणि कोण परका हे कळेनासे होते, त्याची ती कथा.

हेरकथेची गोडी विश्वासघाताच्या भीतीत आहे आणि तिचा धोकाही तेथेच आहे. पडद्यावर शेजारी हा हेर निघतो, मित्रही हेर निघतो. तीच नजर घेऊन माणूस रस्त्यावर आला, तर काय होते? १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमध्ये असंख्य निरपराध माणसांवर देशद्रोहाचे व हेरगिरीचे आरोप झाले. ज्या जाओ दान यांनी लिन त्सेश्यू साकारला, त्यांनी कित्येक वर्षे तुरुंगात काढली. त्या चित्रपटाचे एक दिग्दर्शक जंग जुनली हे १९६९ साली कैदेतच मरण पावले. हे सांगताना आम्ही आपल्या अंगणाकडेही पाहतो. १९६२ च्या युद्धानंतर भारतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांस केवळ संशयावरून राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांत मुलेही होती.

गुन्हेकथा

संशय आणि पुरावा यांतील अंतर शिकविणारा एक चित्रपट चीनने या साऱ्या अनर्थाच्या १० वर्षे आधीच काढला होता, हे दैवाचे दुर्विलसित म्हणावयाचे. 'पंधरा माळा' (१९५६) हे त्याचे नाव. मूळ नाटक सतराव्या शतकातील. जुन्या चीनमध्ये चौकोनी भोकाची तांब्याची नाणी दोरीत ओवीत. १,००० नाण्यांची एक माळ होई.

एक खाटीक आपल्या नातेवाइकाकडून १५ माळा उसन्या आणतो आणि दारूच्या धुंदीत सावत्र मुलीस थट्टेने म्हणतो, "हे पैसे तुला विकून मिळाले." मुलगी घाबरून रात्रीच घर सोडते. उघड्या दारातून लौ नावाचा एक जुगारी शिरतो, खाटकाचा खून करतो आणि पैसे घेऊन पळतो. इकडे रस्त्यात त्या मुलीस एक तरुण भेटतो. मालकाच्या मालखरेदीसाठी तो पैसे घेऊन चालला आहे. ते पैसेही नेमके १५ माळाच! शेजारी धावत येतात आणि दोघांस पकडतात. न्यायाधीश म्हणतो की, मुलगी तरुण, मुलगा तरुण, दोघे बरोबर, पैसे तेवढेच. मग आणखी पुरावा कशास? दोघांस देहदंड होतो.

शिक्षा अमलात आणण्यासाठी खुआंग जोंग या अधिकाऱ्यास नेमतात. हा माणूस ऐतिहासिक आहे, तो पंधराव्या शतकात सूचौचा अधिकारी होता. ही कथा मात्र कल्पित आहे. आरोपींचा आक्रोश ऐकून तो लेखणी खाली ठेवतो. तरुणाचा मालक खरोखरच आहे काय, याची तो चौकशी करतो, तो सापडतो. मग रात्रीच वरिष्ठाकडे जाऊन मुदत मागतो. वरिष्ठ म्हणतो की, प्रकरण रीतसर तपासून झाले आहे, उगाच त्रास कशास? मोठ्या मिनतवारीने पंधरवड्याची मुदत मिळते. खुआंग स्वतः खुनाच्या जागी जातो. तेथे जमिनीवर सांडलेली काही नाणी आणि एक खोटा फासा सापडतो. खाटकाचे घर दरिद्री, मग ही नाणी कोणाच्या हातून सांडली? पुढे तो ज्योतिष्याचा वेष घेऊन लौ यास गाठतो. लौ भविष्य विचारण्यासाठी 'उंदीर' हे अक्षर निवडतो. ज्योतिषी म्हणतो की, उंदीर तेल चोरतो. आणि चिनी भाषेत 'तेल' व मयताचे आडनाव यांचा उच्चार एकच! लौ दचकतो. त्याचे दचकणे हा अजून पुरावा नव्हे. त्याच्या घराची झडती झाल्यावरच प्रकरण पुरे होते.

येथे गुन्हेगार एक असला, तरी दोषी तीन आहेत : खून करणारा, तर्कालाच पुरावा मानणारा आणि कागद पुरा झाला म्हणजे न्याय झाला असे समजणारा. हे नाटक १९५६ साली इतके गाजले की, त्याने मरणपंथास लागलेला खुन् हा संगीत नाट्यप्रकार वाचविला, असे त्या वेळी वर्तमानपत्राने अग्रलेखात म्हटले. नाट्यप्रकार वाचला. धडा मात्र पुढील दशकात विसरला गेला.

चिनी गुन्हेकथांचा नायक बहुधा न्यायाधीशच असतो. सातव्या शतकातील दी रेनजिए याने एका वर्षात १७,००० माणसांचे खटले निकालात काढले आणि कोणीही अन्यायाची तक्रार केली नाही, अशी नोंद जुन्या इतिहासग्रंथात आहे. सुई हार्क यांनी २०१० पासून त्याच्यावर तीन भव्य चित्रपट काढले. त्यांतील बोलणारी हरणे आणि आपोआप पेटणारी माणसे अर्थातच कल्पित. परंतु ती न्यायप्रियतेची कीर्ती इतिहासातून आली आहे.

समारोप

आता या चारही धाग्यांची एकत्र वीण पाहावयाची असेल, तर झांग यीमोऊ यांचा २०२३ चा 'मान च्यांग होंग' हा चित्रपट पाहावा. ११४२ साली देहदंड झालेला सेनापती युए फेई आणि त्याच्या घातास कारण म्हणून चिनी जनतेने ज्याला शतकानुशतके धिक्कारले तो मंत्री छिन ह्वै, हा इतिहास. एका परकीय दूताचा खून, हा गुन्हा. हरवलेले गुप्त पत्र, ही हेरकथा. आणि युए फेईची म्हणून मानली जाणारी कविता, ही दंतकथेच्या उंबरठ्यावर उभी. कारण ती त्याचीच आहे काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. चित्रपटातील रात्रभराचे कारस्थान सर्वस्वी कल्पित आहे. तरी शेवटी सारे सैन्य ती कविता म्हणू लागते, तेव्हा चिनी प्रेक्षकांचे डोळे भरून येतात. ते अश्रू कल्पित नव्हेत.

तर मग, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. ते माकड घडले नाही, परंतु तो यात्रेकरू घडला. लिनचे हौद घडले, त्यांतील अफू आपल्याकडची होती हेही घडले. ली बाय घडला. १५ माळा घडल्या नाहीत, परंतु त्यांसारखे अन्याय पुष्कळ घडले आणि आजही घडू शकतात. यापुढे कोणताही चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारावेत : यातील पुराव्याने सिद्ध होणारे किती? हे सांगणारा कोण आणि केव्हा सांगतो? आणि यात आपली बाजू कोठे आहे? हे प्रश्न विचारल्याने चित्रपटाची गोडी कमी होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि त्या दिवशी आम्ही हसलो, याबद्दल आम्ही त्या विद्यार्थ्याची क्षमा मागतो. त्याने पुन्हा उभे राहावे आणि पुन्हा विचारावे. या खेपेस सभागृह हसणार नाही, अशी आम्हांस आशा आहे.